परिक्रमेआधीचे घर

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत जबलपूर येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



ज्या व्यासपीठावरून आपण आजवर विद्वानांची व्याख्याने ऐकलीत, तेथे आमच्यासारख्या सामान्य पदवीधराने उभे राहावे हे धाडसच होय. केंद्र सरकारच्या लेखा विभागात तीस वर्षे दुसऱ्यांच्या जमाखर्चात चुका शोधण्यापलीकडे आमच्या हातून फारसे काही घडलेले नाही. परंतु कार्यवाहांचा आग्रह मोडवेना. ते म्हणाले, "तुम्ही यंदा मातोश्रींसह नर्मदा परिक्रमा करून आलात. त्याविषयी बोला."

प्रारंभीच एक कबुली देतो. परिक्रमेचे वर्णन आम्ही करणार नाही. ते काम अधिकारी पुरुषांनी करून ठेवले आहे. गो. नी. दाण्डेकरांची 'कुणा एकाची भ्रमणगाथा' मराठी वाचकाला सांगायला नको. आणि आपल्या याच जबलपुरात अमृतलाल वेगड राहत होते. शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्याकडे शिकलेला हा कलाशिक्षक 1977 साली नर्मदेच्या काठाने चालू लागला, सवडीप्रमाणे तुकड्यातुकड्यांनी चालत राहिला, आणि त्यातून 'सौंदर्य की नदी नर्मदा'सारखे ग्रंथ निर्माण झाले. 2018 साली ते गेले. ज्या गावात असा माणूस होऊन गेला, तेथे एकवीस दिवस गाडीत बसून प्रदक्षिणा करून आलेल्यांनी प्रवासवर्णन सांगणे शोभणार नाही.

आम्ही बोलणार आहोत ते निघण्यापूर्वीच्या सहा महिन्यांविषयी, म्हणजे घराविषयी. दूरच्या प्रवासाची तयारी चालू असताना घरात नित्याचे जे चालते, त्याकडे कोणी लक्ष देत नाही. आम्हीही दिले नसते. परंतु त्या तयारीने आम्हांस आमच्याच घरातील एक गोष्ट दाखविली. ती सांगावी एवढाच आजचा हेतू.

तरुण मंडळींसाठी परिक्रमेचा नियम थोडक्यात सांगतो. नर्मदा अमरकंटकला उगम पावून 1,312 किलोमीटर वाहते आणि भरूचच्या पुढे खंबातच्या आखातास मिळते. नदी सदैव उजव्या हाताला ठेवून तिला पूर्ण प्रदक्षिणा घालावयाची. पायी करणाऱ्यांसाठी परंपरेने तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवसांचा काळ सांगितला आहे. आमच्यासारखे नोकरदार आणि वृद्ध हल्ली वाहनाने अडीच-तीन आठवड्यांत करतात. पायी असो वा वाहनाने, एक नियम मात्र सर्वांना सारखाच. एकदा संकल्प सोडला की परिक्रमा पुरी होईपर्यंत नदी ओलांडावयाची नाही. समुद्राशी संगम होतो तेथे नावेने पलीकडे जावयाचे, आणि उगमाला वळसा घालावयाचा. मध्ये पूल कितीही असोत, ते आपल्यासाठी नाहीत.

जबलपूर उत्तर तीरावर आहे. ग्वारीघाटावर संकल्प करून आपण अमरकंटकाकडे निघालो, की उगमाच्या पलीकडे दक्षिण तीर लागतो. आणि तेथून थेट समुद्रापर्यंत आपले घर नदीच्या पलीकडे राहते. ही साधी भूगोलातील गोष्ट पुढे आमच्या स्वयंपाकघरात फार मोठी झाली.

परिक्रमेची इच्छा मूळची आमच्या वडिलांची. ते 1963 साली साताऱ्याहून खमरियाच्या कारखान्यात नोकरीस आले. दर रविवारी ग्वारीघाटावर जात आणि पलीकडच्या तीराकडे पाहून म्हणत, "निवृत्त झालो की या बाईभोवती एकदा फिरून येणार." 1996 साली ते निवृत्त झाले. पहिले वर्ष बहिणीच्या लग्नात गेले, दुसरे घराच्या गिलाव्यात, आणि तिसऱ्या वर्षी ते स्वतःच गेले. आम्हांस आता निवृत्तीस चार वर्षे उरली आहेत. गेल्या वर्षी श्राद्धाच्या दिवशी सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, "निवृत्तीची वाट आपण पाहू नये." त्या दिवशी ठरले.

मंडळातील आणखी दोन कुटुंबे सोबत आली. आठ माणसे आणि एक चालक. सतरा आसनांची गाडी ठरविली. मागची आसने काढून तेथे सामान ठेवावे अशी आमची कल्पना होती. गाडीमालकाने परवान्याकडे बोट दाखवून ती हाणून पाडली. मग आसने तशीच ठेवून त्यांवर खोकी बांधावयाची असे ठरले. म्हणजे एकवीस दिवस त्या गाडीचे पुढचे अंग बैठकीची खोली आणि मागचे अंग कोठीघर होणार होते.

कार्यालयात अर्जित रजा शिल्लक होती. तीनशे दिवसांवर ती साठत नाही, आणि आमची तर केव्हाच काठोकाठ भरली होती. प्रवास सवलतीचा प्रश्नच नव्हता. खाजगी भाड्याच्या वाहनाला ती लागू नाही, आणि जेथून निघावयाचे तेथेच परत यावयाचे अशा प्रवासाला गंतव्यस्थान कोणते लिहावे? खरी अडचण रजेच्या अर्जातील 'रजेच्या काळातील पत्ता' या रकान्याने केली. आम्ही प्रामाणिकपणे लिहिले, 'नर्मदा तीर'. अर्ज परत आला. संबंधित लिपिकाने नम्रपणे विचारले, "सर, मकान नंबर?" अखेर पुण्याच्या चिरंजीवांचा पत्ता लिहून प्रकरण मिटविले. त्या दिवशी हसलो. परंतु एकवीस दिवस आपला पत्ता कोणता, हा प्रश्न मनात राहिला.

आता घरातील तयारी. आम्ही लेखा विभागातले. त्यामुळे यादी केली, यादीस अनुक्रमांक दिले, आणि प्रत्येक जिन्नसापुढे 'आवश्यक', 'इष्ट' आणि 'अनावश्यक' असे तीन रकाने आखले. पहिल्या यादीत 184 जिन्नस भरले. निघताना 71 उरले. मधल्या 113 जिन्नसांवरून आमच्या घरात जेवढा वाद झाला, तेवढा चिरंजीवांच्या लग्नातही झाला नव्हता.

सर्वांत मोठा वाद गॅसच्या शेगडीवरून. बरोबर लहान सिलिंडर घ्यावा असे दोन कुटुंबांचे मत. आम्ही त्यांस मदुराईची आठवण दिली. 26 ऑगस्ट 2023 रोजी तेथे उभ्या असलेल्या यात्रेकरूंच्या रेल्वे डब्यात नियमाविरुद्ध नेलेल्या सिलिंडरमुळे आग लागली आणि नऊ माणसे गेली. ती मंडळीही आपल्यासारखीच, चहापाण्याची सोय घेऊन तीर्थयात्रेस निघालेली होती. गाडीत ज्योत पेटणार नाही, हा ठराव त्यानंतर एकमताने संमत झाला. विजेची शेगडी घेतली. जेथे वीज मिळेल तेथे खिचडी, नाही तर आश्रमात मिळेल तो प्रसाद.

मग स्वयंपाकघरात कोरड्या पदार्थांचा कारखाना सुरू झाला. भाजणी, मेतकूट, सातूचे पीठ, कुळथाचे पीठ, शेंगदाण्याची चटणी, गुळपापडीच्या वड्या. कांदा-लसूण वर्ज्य, म्हणून खोबऱ्याची लसूणचटणी यादीतून गेली, अनुक्रमांक 37. ती खोडताना आमचा हात थोडा जड झाला हे मान्य करतो. सौभाग्यवतींनी आणखी एक युक्ती केली. तांदूळ, मुगाची डाळ, हळद, हिंग आणि मीठ एकत्र करून आठ माणसांच्या एका जेवणाची एक याप्रमाणे कागदी पुडकी बांधली. रात्री थकून उतरल्यावर मोजमाप करावयास नको. ज्यांना अशा प्रवासास निघावयाचे आहे त्यांनी दुसरे काही लक्षात ठेवले नाही तरी ही पुडकी ध्यानात ठेवावीत. तशीच दुसरी गोष्ट प्रत्येकाच्या स्वतंत्र हातपिशवीची. समुद्रसंगमावर माणसे कठपोरहून नावेने मिठी तलाईस जातात आणि गाडी भरूचच्या पुलावरून फिरून येते. नाव भरतीच्या वेळेनुसार सुटते, कधी अपरात्रीही. तेव्हा औषधे, शाल आणि एक वेळचा फराळ आपल्या हातात असलाच पाहिजे.

घर बंद ठेवावयाचे तर देवांचे काय करावे? टाक आणि बाळकृष्ण बरोबर न्यावेत की काय? मातोश्री म्हणाल्या, "देवांना कशाला दगदग? तांदळात ठेवायचे." जुन्या रीतीप्रमाणे डब्यात तांदूळ घालून त्यात देव ठेवावयाचे, म्हणजे आपण परत येईपर्यंत त्यांच्या अन्नाची सोय झाली. आमच्या लहानपणी वडिलांच्या रजेत साताऱ्यास जाताना मातोश्री हेच करीत. आम्ही विसरलो होतो.

किल्ली कोणाकडे द्यावी याचाही विचार पडला. आमच्याकडे धुणेभांडी करणाऱ्या बाई वीस वर्षे येत आहेत. त्यांचे माहेर बरगीच्या जलाशयाखाली गेले. आपल्या गावाहून वर नर्मदेवर बांधलेले ते धरण 1990 साली पुरे झाले. नदीवरील मोठ्या धरणांपैकी ते पहिले. दीडशेहून अधिक गावे त्यात बाधित झाली आणि तेथील कित्येक कुटुंबे पोटासाठी जबलपुरात आली. एके दुपारी आमची यादी मोठ्याने वाचणे चालू होते. बाई केर काढता काढता थांबल्या आणि म्हणाल्या, "बाबूजी, हमने तो कुछ लिखा नहीं था। पानी आया तो जो हाथ में आया, उठा लिया।" एवढे बोलून पुन्हा केर काढू लागल्या. आम्ही ती यादी त्या दिवशी पुढे वाचली नाही. एकवीस दिवसांनी परत येण्याची खात्री असलेल्या माणसाला 184 जिन्नस लागतात! किल्ली कोणाकडे द्यावयाची याचा निर्णय मातोश्रींनी लगेच केला. "हिच्याकडे. घर सोडणं काय असतं ते हिला माहीत आहे." तुळशीला पाणी घालण्याचे कामही बाईंकडेच गेले.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

आरंभी ठरले होते ते असे, की मातोश्रींनी घरीच राहावे. त्यांचे वय ऐंशी, गुडघे दुखरे, रक्तदाबाची गोळी चालू. नागपूरची आमची बहीण तीन आठवडे येऊन राहण्यास तयार होती. हे सारे आम्ही उभयतांनी ठरविले, बहिणीशी ठरविले, चिरंजीवांशी ठरविले. नियोजन बिनचूक होते.

गणपती उठल्यानंतरच्या एका रात्री सौभाग्यवतींनी प्रश्न काढला, "आपण दक्षिण तीरावर असताना इकडे आईंना काही झालं तर?" आम्ही हिशेब केला. एकवीसपैकी सुमारे बारा दिवस घर पलीकडे. इटारसीहून गाडीत बसलो तर चार-पाच तासांत जबलपूर. परंतु ती रेल्वेसुद्धा गावात येण्यापूर्वी नर्मदा ओलांडते. यावयाचे तर परिक्रमा खंडित. न यावयाचे तर कसले पुण्य? आम्ही घाटावरील एका वृद्ध पुरोहितांस विचारले. ते म्हणाले, खंडित म्हणजे खंडित. पुन्हा संकल्प करावा लागेल. आम्ही दोघे त्या रात्री बराच वेळ त्याच विषयावर बोलत होतो. ओलांडावी की नाही? बहिणीला आधी सांगून ठेवावे काय? मातोश्रींस सांगावे की सांगू नये?

आतल्या खोलीतून आवाज आला. "अरे, मघापासून माझ्याबद्दलच बोलता आहात ना? मग मी इथे राहणार हे मला कुणी विचारलंत का?"

बंधुभगिनींनो, तीस वर्षे आम्ही दुसऱ्यांच्या कामातील त्रुटी काढल्या. परंतु 184 जिन्नसांची यादी करणाऱ्या आम्हां नवराबायकोस हा एक प्रश्न विचारावयाचे सुचले नव्हते. मातोश्री बाहेर येऊन बसल्या. त्या म्हणाल्या, "तुझे बाबा फिरणार होते ते एकटे फिरणार नव्हते. मीही निघाले होते. ते गेले आणि माझं राहिलं." अठ्ठावीस वर्षे हे वाक्य आम्ही ऐकले नव्हते. वडिलांची इच्छा आम्ही आदराने जपली. तीच इच्छा आईचीही होती हे आमच्या गावीही नव्हते.

मातोश्री येणार हे ठरले. त्यांना झेपेल काय, हे ठरावयाचे होते. म्हणून दसऱ्यानंतर आम्ही एक प्रयोग केला, ज्याची शेजाऱ्यांनी यथेच्छ थट्टा केली. आठ दिवस आम्ही आपल्याच घरात प्रवासी म्हणून राहिलो. बांधलेल्या सामानातूनच वस्तू काढावयाच्या, कपाटास हात लावावयाचा नाही. आश्रमात एकाच दालनात झोपावे लागते, म्हणून तिघांनीही बैठकीच्या खोलीत सतरंज्या पसरून झोपावयाचे. पहाटे पाचला उठावयाचे आणि सहाला 'निघण्यास तयार' व्हावयाचे. शेजारच्या भाभीजी दारातून डोकावून विचारीत, "क्यों भाईसाहब, आज कहाँ तक पहुँचे?" आम्ही सांगत, "अभी ओंकारेश्वर।"

या तालमीत लहानसहान उणिवा पुष्कळ सापडल्या. नखे कापण्याचे यंत्र नव्हते, विळीला आवरण नव्हते, दोऱ्या होत्या पण चिमटे नव्हते. मातोश्रींना जमिनीवर बसून उठता येत नव्हते. चिरंजीवांनी पुण्याहून घडीची खुर्ची आणि शौचाची घडीची आसनपेटी पाठविली. गाडीची पायरी त्यांना उंच पडत होती; सुताराकडून नऊ इंच उंचीचा, खाली रबर लावलेला पाट करून घेतला. या तीन वस्तूंनी पुढे जेवढे काम केले तेवढे इतर अडुसष्ट जिन्नसांनी मिळून केले नसेल.

परंतु खरी गोष्ट सापडली ती पहिल्याच रात्री. मातोश्री चार वेळा उठल्या. दिवा न लावता उठल्या. एका खोलीत झोपलो होतो म्हणून आम्हांस दिसले की त्या भिंतीला हात लावून, पावले मोजीत चालतात. तिसऱ्या वेळी त्या वाटेत ठेवलेल्या खोक्याला अडखळल्या. ते खोके रोज तेथे नसते. आम्ही उठून दिवा लावला आणि विचारले, "आई, दिवा का लावत नाहीस?"

"लावून काय उपयोग? डाव्या डोळ्याला दिवा नुसता पसरलेला दिसतो, खळं पडलेल्या चंद्रासारखा."

"कधीपासून?"

"दोन दिवाळ्या झाल्या असतील."

"मग सांगितलं का नाहीस?"

"घरात मला बघावं काय लागतं? सगळं जिथल्या तिथे आहे."

या उत्तरावर आम्हांस बोलता येईना. साठ वर्षांच्या सवयीने त्यांच्या हाताला डब्यांची रांग ठाऊक होती, पायाला उंबरठे ठाऊक होते. आम्ही मात्र समजत होतो की आईला चांगले दिसते. घर इतके नीट लावलेले होते की त्यात माणसाची दृष्टी हरवली तरी कोणाला कळले नाही. सामान जागचे हलले तेव्हा कळले.

डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला. डावा पिकलेला, उजवा सुरू झालेला. कार्तिकी एकादशीनंतर, म्हणजे नोव्हेंबर 2024 मध्ये निघावयाचे ठरले होते. ते रद्द झाले. मंजूर रजा परत केली. कार्यालयात प्रश्नार्थक मुद्रा झाल्या. सोबतच्या दोन कुटुंबांनी मात्र एका शब्दाने कुरकुर केली नाही, हे येथे मुद्दाम कृतज्ञतेने नमूद करतो. दिवाळीनंतर शस्त्रक्रिया झाली. डोळ्यावरची पट्टी काढल्यावर मातोश्रींनी स्वयंपाकघराकडे पाहिले आणि पहिले वाक्य उच्चारले ते असे: "अगंबाई, हा ओटा इतका कळकट झालाय आणि मला कुणी बोललं नाही?"

नवा मुहूर्त माघ शुद्ध सप्तमीच्या नर्मदा जयंतीचा दुसरा दिवस, 5 फेब्रुवारी 2025. तेव्हा प्रयागराजचा महाकुंभ ऐन भरात होता आणि जबलपुरातील प्रत्येक मोठी गाडी तिकडे धावत होती. आमच्या गाडीमालकाने वाढीव भाडे मागितले. शेवटी काही आम्ही चढलो, काही तो उतरला. मार्चपूर्वी परतणे भाग होते. मार्च महिन्यात रजा मागणाऱ्या लेखाधिकाऱ्यास नर्मदामाईसुद्धा वाचवू शकणार नाही.

राहिला तो नदी ओलांडण्याचा प्रश्न. मातोश्री सोबत होत्या तरी तो मिटला नव्हता. आठांपैकी कोणीही आजारी पडू शकत होते आणि प्रत्येकाचे घर उत्तर तीरावरच होते. निघण्यापूर्वीच्या रविवारी तिन्ही कुटुंबे आमच्या घरी जमली. आम्ही प्रस्ताव मांडला की निर्णय वाटेत घ्यावयाचा नाही, आत्ताच घ्यावयाचा. चर्चा लांबली. एकाचे म्हणणे, नियम तो नियम. दुसऱ्याचे म्हणणे, डॉक्टर सांगतील तसे. मातोश्री तोपर्यंत गप्प होत्या. मग म्हणाल्या, "माणूस आजारी पडलं तर पूल ओलांडायचा. पुण्य अर्धंच मिळालं तर अर्धं घेऊ. उरलेलं पुढच्या वर्षी." आम्ही तसे एका कागदावर लिहिले. आठही जणांनी सह्या केल्या. आमच्या नोकरीत इतका स्पष्ट आदेश आम्ही क्वचित पाहिला आहे.

परिक्रमेविषयी एकच प्रसंग सांगतो, कारण तो या कागदाशी निगडित आहे. दक्षिण तीरावर नर्मदापुरम येथे मुक्काम होता. रात्री मातोश्रींना ताप भरला. स्थानिक डॉक्टर येऊन गेले, औषध दिले, सकाळपर्यंत पाहा म्हणाले. पलीकडे बुधनी, मध्ये पूल. आम्ही बाहेर उभे राहून पुलाकडे पाहत होतो. खिशात कागद होता. घरी त्या विषयावर रात्रीच्या रात्री जागलेले आम्ही, तेथे मात्र आत येऊन मातोश्रींच्या उशाशी शांत झोपलो. सकाळी ताप उतरला आणि त्यांनी मेतकूट-भात मागितला. कागदाची गरज पडली नाही. परंतु तो होता म्हणूनच आम्हांस झोप आली.

पुढे समुद्रसंगम झाला. नावेत मातोश्रींनी डावा हात डोळ्यांवर धरून क्षितिज पाहिले आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. 25 फेब्रुवारीला, महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी, ग्वारीघाटावर परिक्रमा पुरी झाली. घरी आलो तेव्हा तुळस टवटवीत होती. मातोश्रींनी हात धुतले, तांदळातून देव काढले, आणि त्याच तांदळाची खीर केली. पहिली वाटी किल्ली सांभाळणाऱ्या बाईंना दिली.

बंधुभगिनींनो, आपले मंडळ पन्नास वर्षांचे झाले. आपण सारे किंवा आपले वाडवडील कधी तरी एक ट्रंक आणि एक वळकटी बांधून येथे आलो. मुलुख सोडून राहणाऱ्या माणसाला घर जपण्याची फार सवय असते. प्रत्येक वस्तू जागच्या जागी हवी. गावाकडची फळी, गावाकडचा डबा, गावाकडची रीत. ती सवय चांगलीच आहे. परंतु त्या नीटनेटकेपणाखाली माणसांचे काही झाकून तर राहत नाही ना, हे अधूनमधून पाहिले पाहिजे. आम्ही ते परिक्रमेच्या निमित्ताने पाहिले. आणि तेही योगायोगाने, एक खोके वाटेत आले म्हणून.

म्हणून, कार्यवाहांच्या परवानगीने, दोनच सूचना करतो. ज्यांना परिक्रमेस जावयाचे आहे त्यांनी निवृत्तीची वाट पाहू नये, आणि घरातील वृद्धांना बरोबर यावयाचे आहे काय, हे यादी करण्यापूर्वी विचारावे. ज्यांना कोठेही जावयाचे नाही त्यांनी वर्षातून एकदा आठ दिवस घरातील साऱ्या माणसांसह एका खोलीत सतरंजी पसरून झोपावे. त्याला रजा लागत नाही, परवाना लागत नाही. आणि रात्री कोण किती वेळा उठते हे कळते.

मातोश्री आज समोर दुसऱ्या रांगेत बसल्या आहेत. उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया पुढील महिन्यात आहे. आज सकाळी त्यांनी आम्हांस बजावले, "फार लांबवू नकोस, लोकांना जेवायचं असतं." तेव्हा येथेच थांबतो.

नर्मदे हर!